फळ्यावर आहे तेवढेच

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला ते ऐकवायला नको. बावीस वर्षं आठवीला गणित शिकवलं की माणूस असाच होतो. आमच्या ह्यांचं म्हणणं, मी चुकून मास्तरीण झाले, खरं तर पोलिसात जायला हवं होतं. भाजीवाल्याने वर मूठभर कोथिंबीर फुकट टाकली की मी पिशवीतली वांगी उलटीपालटी करून बघते. आणि खोटं कशाला बोलू, दहातल्या चार वेळा एखादं किडकं निघतंच.

नशिराबाद सोडून भुसावळकडे निघालं की हायवेला लागून आमचं हायस्कूल आहे. मी जळगावहून स्कूटीवर येते. जानेवारीत आठवीची घटक चाचणी घेतली, धडा एकचल समीकरणांचा. माझ्या चाचणीतली गणितं गाइडमधली नसतात, मी ती घरी बसून स्वतः तयार करते, कारण गाइडवर माझा विश्वास नाही आणि गाइड वापरणाऱ्या पोरांवर तर अजिबात नाही. पाचवा प्रश्न असा होता: x/3 + 2 = x/2.

ज्यांचा आणि गणिताचा काडीमोड होऊन बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते. छेदात तीन आणि दोन आहेत, त्यांचा लसावि सहा. मग समीकरणातल्या प्रत्येक पदाला सहाने गुणायचं, की छेद निघून जातात. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. तो मधला दोन आहे ना, बिनछेदाचा, त्यालाही. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाच्या पानात बट्टी पडली पाहिजे, पाहुणा ओळखीचा असो वा नसो. मग होतं 2x + 12 = 3x, आणि x बरोबर बारा. अपूर्णांक दिसले की पोरांना घाम फुटतो, पण आहे ते एवढंच.

चौतीस पेपर तपासायला घेतले. सातव्या पेपरला मी थांबले, बाराव्याला चष्मा पुसला आणि विसाव्याला माझी खात्री पटली की पाणी कुठेतरी मुरतंय. एकूण एकोणीस पोरांचं उत्तर होतं, x बरोबर दोन. पायऱ्या सगळ्यांच्या सारख्या, 2x + 2 = 3x. मधल्या दोनला कुणी हातच लावलेला नाही, तो उपाशी बसलेला. चुका मी खूप पाहिल्या आहेत, पण प्रत्येकाची चूक ज्याची त्याची असते. एकोणीस जणांची एकच चूक म्हणजे ती चूक नव्हे, ती योजना.

आमचे शिपाई हिलालभाऊ पाण्याचा तांब्या ठेवायला आले होते. पारोळ्याकडचे, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी पेपरांच्या गठ्ठ्यावर नजर टाकली.

"मॅडम, बठ्ठास्नं उत्तर एकच शे का?"

"तुम्हाला काय करायचंय, भाऊ?" मी म्हटलं. सगळ्यांचं उत्तर एकच आहे, हे त्यांनी एवढं निरखून का पाहावं, हेही मी मनात टिपून ठेवलं.

पहिला संशय कॉपीचा. पण मीच एक बाक सोडून बसवलं होतं आणि पूर्ण तासभर वर्गात फेऱ्या मारल्या होत्या. माझ्या डोळ्यांदेखत एकोणीस जणांनी कॉपी केली असेल तर मी नोकरी सोडावी. दुसरा संशय नशिराबादच्या अमृत सरांच्या क्लासवर. अर्धा वर्ग तिथे जातो आणि ते घाईत काहीबाही शिकवतात, असं मी ऐकून होते. ऐकून म्हणजे, मीच चारचौघांत म्हणत असते. मी वर्गात जाऊन भूषणला उभं केलं. भूषण म्हणजे वर्गातला हुशार मुलगा, अक्षर मोत्यासारखं. त्यानेही मोत्यासारखं 2x + 2 = 3x लिहून ठेवलं होतं.

"क्लासला असं शिकवलं का रे?"

भूषणने फळ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग बुटांकडे. "क्लासला अजून हा धडाच नाही आला, मॅडम."

"मग हे कुठून शिकलास?"

त्याची नजर परत फळ्यावर गेली. मी सगळ्या वर्गाला विचारलं. चौतीस तोंडं बंद, आणि सगळ्यांचे डोळे फळ्यावर खिळलेले. बोलायची वेळ आली की पोरं फळ्याकडे का बघतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, कट पक्का आहे.

आणि मग गठ्ठा पुन्हा चाळताना मृणालीचा पेपर नजरेत भरला. सगळ्या वर्गात बारा हे उत्तर एकटीचं. पण पायऱ्या नाहीत! प्रश्न लिहिलाय, खाली बरीच कोरी जागा आणि शेवटी x = 12. हवेतून काढल्यासारखं.

मृणाली नशिराबादची. वडील प्रशील दीपनगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. अंगाने काडी, दोन वेण्या, मोठ्या बहिणीचा स्वेटर घालून यायची, बाह्या बोटांपर्यंत लोंबणाऱ्या. मोजकंच बोलायची. पण जिल्ह्याच्या गणित स्पर्धेचं पत्रक लागल्यापासून तीन वेळा येऊन विचारून गेली होती, "मॅडम, नाव कधी पाठवणार?" स्पर्धा जळगावला रविवारी होती, आणि पहिल्या दहांत येणाऱ्यांना वर्षभर दर रविवारी तिथले प्राध्यापक फुकट शिकवणार होते. एका शाळेतून एकच नाव घेणार होते. अर्जावर मी पेन्सिलीने मृणालीचं नाव लिहून ठेवलं होतं. अर्ज शनिवारी बारापर्यंत जायचा होता.

आता मी हिशेब मांडला. गणित माझं स्वतःचं, त्यामुळे ते कुठल्या पुस्तकात नाही. पायऱ्यांशिवाय उत्तर आलं म्हणजे ते कुठेतरी लिहिलेलं पाहिलं. आणि ते लिहिलेलं एकाच ठिकाणी होतं, माझ्या उत्तरसूचीत. ती शिक्षकखोलीच्या कपाटात, आणि कपाटाची चावी हिलालभाऊंकडे. ही पोरगी अकराच्या शाळेला साडेनऊलाच येऊन बसते. परवा सकाळी मी जरा लवकर आले तर ती शिक्षकखोलीतून बाहेर पडत होती, उजवा हात पाठीमागे लपवलेला. मला बघून पांढरी पडली होती. तेव्हा मी दुर्लक्ष केलं होतं. आता एकेक गोष्ट जागेवर बसत गेली आणि खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं. संशयी माणसाला संशय खरा ठरण्यासारखं सुख नाही.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं.

"हे बारा कुठून आणलंस?"

"सोडवलं, मॅडम."

"पायऱ्या कुठे आहेत?"

तिने मान खाली घातली.

"मोबाइलवर फोटो काढून उत्तर मिळतं हल्ली. मोबाइल आणला होतास?"

"नाही, मॅडम."

"कपाट उघडलंस?"

तेव्हा मात्र तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण स्वेटरची एवढी लांब बाही असून तिने ते पुसले नाहीत. "नाही, मॅडम," एवढंच म्हणाली. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं, आणि तिला जायला सांगितलं.

मुख्याध्यापक रुपचंद सरांना मी जाऊन सांगितलं की उत्तरसूची फुटल्याचा मला संशय आहे. ते शांत माणूस, कुठल्याही गोष्टीवर आधी चहा मागवतात. म्हणाले, "शनिवारी सकाळपर्यंत मला पक्कं सांगा. चोरी असेल तर वडिलांना बोलवावं लागेल, हिलालभाऊंनाही विचारावं लागेल. आणि नाव मग भूषणचं पाठवू." मी आपल्या जागेवर आले, अर्ज काढला आणि मृणालीचं नाव खोडरबराने पुसलं. भूषणचं लिहिलं नाही अजून. पुरावा हातात यायचा होता.

शुक्रवारी सव्वानऊलाच मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. थंडी चांगलीच होती, हायवेवरून केळीचे ट्रक जात होते. साडेनऊला प्रशील यांची मोटारसायकल आली. मागे मृणाली, मफलर गुंडाळलेली. मला बघून ती उतरली आणि सरळ आत निघून गेली.

"जयभीम, मॅडम," प्रशील गाडी बंद करून म्हणाले. "लवकर आलात आज?"

"मृणाली रोज एवढ्या लवकर का येते?" मी सरळच विचारलं.

"माझी दहाची ड्यूटी असते. जाताना इथे सोडतो. बस तिची चुकते." त्यांनी फाटकातून आत पाहिलं. "मॅडम, काही चुकलं का तिचं? काल जेवली नाही ती. विचारलं तर सांगेना."

मी म्हटलं, बघू.

"रविवारी जळगावला न्यायचंय ना तिला, म्हणून मी ड्यूटी बदलून घेतलीये. सुपरवायझर ऐकत नव्हता, पण मी सांगितलं, पोरीची परीक्षा आहे." एवढं सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. गाडी सुरू करून ते गेले, आणि मला स्वतःचाच राग आला. मग त्या रागाचाही राग आला. बापाचा चेहरा उजळला म्हणून पोरीची चोरी माफ होत नाही.

मी चपलांचा आवाज न करता शिक्षकखोलीकडे गेले. दार उघडं होतं, हिलालभाऊ झाडत होते. मृणाली दिसली नाही. कपाट बंद होतं.

"कुठे गेली ती?"

"मागला वटावर व्हई," ते म्हणाले.

"भाऊ, खरं सांगा. त्या दिवशी ती ह्या खोलीतून काय लपवून नेत होती?"

हिलालभाऊंनी केरसुणी भिंतीला टेकवली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. "खडूना तुकडा, मॅडम. मीच देस तिले. तुमी त फेकीच देतस. रोज मागला वटावर बसस, गणितं करस, मंग पुशी टाकस. ती पोर चोर नई शे."

मी मागे गेले. शाळेच्या पाठीमागे शहाबादी फरशीचा एक लांब ओटा आहे, तिकडे शिक्षकांपैकी कुणी फिरकत नाही. मृणाली गुडघ्यांवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. तिच्या पुढची फरशी आकड्यांनी भरलेली. मी खांबाच्या आडून पाहिलं, होय, चोरून पाहिलं. अपूर्णांकांची समीकरणं होती, एकाखाली एक, आणि पायऱ्यांना कुठेच खोट नव्हती. प्रत्येक गणिताखाली तिने 'पडताळा' असं लिहून आलेलं उत्तर परत समीकरणात घालून पाहिलं होतं. दोन्ही बाजू जुळल्या की बाजूला छोटीशी बरोबरची खूण. मी बावीस वर्षांत पोरांना हजारदा सांगितलं असेल, पडताळा करा रे. करत कुणी नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मी तशीच मागे फिरले. म्हणजे तिला येत होतं. मग चोरी कशाला करील? आणि पायऱ्या का लिहिल्या नाहीत? माझा संशय गेला नाही, त्याने फक्त कूस बदलली.

शिक्षकखोलीत येऊन मी तिचा पेपर पुन्हा काढला. गणित मी पेन्सिलीनेच सोडवायला लावते, चूक खोडता यावी म्हणून. ती कोरी जागा बोटाला खरबरीत लागली. मी पान खिडकीशी धरलं. तिरप्या उन्हात दबलेल्या रेघा वर आल्या: 2x + 12 = 3x. त्याखाली x = 12. त्याखाली पडताळा, बारा भागिले तीन चार, अधिक दोन सहा. इकडे बारा भागिले दोन सहा. सगळं बरोबर लिहिलं होतं आणि सगळं घासून पुसलं होतं. चूक पुसणारी पोरं मी पाहिली आहेत. बरोबर आलेलं पुसणारं पोर मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग मी तिला आत बोलावलं आणि गणिताची वही मागितली. तिने दप्तरातून काढून दिली आणि दाराशीच उभी राहिली, पळून जाता येईल एवढ्या अंतरावर. मी एकचल समीकरणांचं पान शोधलं. तारीख अकरा डिसेंबर. फळ्यावरून उतरवून घेतलेलं गणित: x/4 + 3 = x/2. लसावि चार. खाली x + 3 = 2x. म्हणून x = 3.

तीनला चारने गुणलंच नव्हतं.

अकरा डिसेंबर मला लख्ख आठवला. दोन वाजता तहसीलला मतदारयादीच्या कामाची मीटिंग होती. दोन वेळा निरोप येऊन गेला होता. मी एका हातात पर्स आणि एका हातात खडू घेऊन ते गणित फळ्यावर पुरं केलं होतं आणि वर सांगितलं होतं, "हे असंच करायचं, चाचणीला येणार आहे." मागे वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

मृणालीने त्या उत्तराखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पडताळा. डावी बाजू 15/4, उजवी बाजू 3/2. जुळत नाही.' आणि त्यावर लाल पेनाची एक जाड तिरकी रेघ. बाजूला लाल अक्षरात शेरा होता, 'फळ्यावर आहे तेवढेच लिहावे.' खाली तपासल्याची खूण आणि सही. सही माझी. पानाच्या कोपऱ्यात तेलाचा पिवळट डाग होता, बोटाच्या आकाराचा. चौतीस वह्या मी नंतर एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तपासल्या होत्या आणि त्या दिवशी डब्यात शेवभाजी होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अमृत सर झाले, मोबाइल झाला, कपाट झालं, हिलालभाऊंची चावी झाली. मला फार लाज वाटली. हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही.

"तू पेपरातलं का पुसलंस?" मी विचारलं, उत्तर ठाऊक असून.

ती वहीतल्या लाल शेऱ्याकडे बघत होती. "ते फळ्यावर नव्हतं, मॅडम."

"मग उत्तर का ठेवलंस बारा?"

तिने बाही बोटांवर ओढून घेतली. "दोन लिहिता येईना," ती म्हणाली.

मी अर्ज काढला आणि पेनाने तिचं नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबून सही केली. ती माझ्या पेनाकडे बघत होती, पण हसली नाही. कालपर्यंत मी तिच्यावर संशय घेत होते, आज ती माझ्यावर घेत होती, आणि तो तिचा हक्क होता. रुपचंद सरांकडे मी स्वतः गेले. त्यांनी चहा मागवला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आणि मग हिलालभाऊंनाही सांगितलं, ते त्याहून अवघड गेलं. भाऊंनी एवढंच म्हटलं, "व्हस मॅडम, माणूसच शे."

पहिल्याच तासाला आठवीत गेले. फळ्यावर चाचणीतलं गणित लिहिलं, खाली 2x + 2 = 3x लिहिलं आणि विचारलं, "ही चूक कोणाची?"

भूषणची मान हळूच खाली गेली.

"माझी," मी म्हटलं. "अकरा डिसेंबरला मी फळ्यावर चुकीचं शिकवलं. तुम्ही माझंच उतरवलं."

वाटलं, पोरं हसतील, निदान कुजबुज तरी होईल. काही झालं नाही. पोरांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं. मॅडम नवीन सापळा लावतायत, असंच त्यांना वाटत होतं, मला ते चेहरे ओळखता येतात. मग मी डस्टरने ती ओळ पुसली आणि म्हटलं, "मृणाली, इकडे ये. तू सोडव."

ती आली. बाह्या वर सारल्या, खडू घेतला. तिचा हात फळ्याच्या अर्ध्यापर्यंतच पोचत होता. लसावि सहा, तिने लिहिलं. 2x + 12 = 3x. दोनला सहाने गुणताना जरा थांबली आणि माझ्याकडे तिरपं बघितलं. मी मान हलवली. x = 12, तिने लिहिलं आणि तिथेच थांबली. खडू फळ्याला टेकलेला, पाठ माझ्याकडे.

"मॅडम," ती न वळता म्हणाली, "पडताळा लिहू का?"

मी डस्टर टेबलावर ठेवलं. "लिही," मी म्हटलं.

तिने लिहिला. डावी बाजू सहा, उजवी बाजू सहा, बाजूला छोटीशी खूण. मागे वह्यांची पानं उलटल्याचा आवाज आला. तेहतीस पोरं खाली मान घालून लिहायला लागली होती, पडताळा, डावी बाजू, उजवी बाजू, त्या छोट्या खुणेसकट. आता ते फळ्यावर होतं.